खापर दोन भाषांवर फोडू नका

सिंधीपुऱ्यात काय किंवा अख्ख्या बऱ्हाणपुरात काय, घरी मराठी आणि गल्लीत हिंदी-उर्दू ऐकत मुलं वाढतात. म्हणून दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की 'भाषांचा गोंधळ झालाय, बोलेल हळूहळू' म्हणून विषय मिटवला जातो. पण न बोलण्यामागे कधी ऑटिझमही असू शकतो, आणि बहुभाषिक घरामुळे तो होतो किंवा वाढतो, असं संशोधनात आढळलेलं नाही. शिवाय नुसतं बोलणं बघून भागत नाही. वर्षाचं मूल हाकेला वळतं का? दीड वर्षाचं मूल कबुतराकडे बोट करून, तुम्हीही बघताय ना म्हणून तुमच्या तोंडाकडे पाहतं का? या गोष्टींना कुठलीच ठरावीक भाषा लागत नाही.

'एवढ्यात शिक्का कशाला?' हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची एम-चॅट प्रश्नावली निदान करतच नाही. पुढची तपासणी हवी का, एवढंच सांगते. सोबत कानही तपासून घ्यावेत. खरी पंचाईत पुढे होते. थेरपिस्ट एक सांगतो, अंगणवाडीताई दुसरं, आजी तिसरंच. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या तपासणीपासून जिल्हा केंद्रापर्यंत साखळी आखली आहे खरी, पण कागद मुलामागे आपोआप चालत जात नाहीत. म्हणून एकच वही ठेवा: अहवाल, आणि 'पाणी हवं तर पेल्याकडे बोट' अशी दोनतीन उद्दिष्टं, सगळ्यांनी मिळून पाळायची. अपंगत्व प्रमाणपत्र मिळवून निरामय आरोग्य विमा योजनेत नाव नोंदवलं की वर्षाला १ लाखापर्यंतच्या खर्चात, ठरलेल्या मर्यादेत, थेरपीही बसते.