सुखोईचं जळकं शेपूट

पहाटे ५.३०. रात्रभर पाऊस. जव्हारच्या पावसाळ्यात लॅकर फवारायचं तर आधी खोली कोरडी करावी लागते. हवा दमट असली की ताज्या थरावर पांढुरकी धूसर साय धरते आणि धातूचा रंग मेलाच. शंभरचा पिवळा बल्ब टेबलावर लावून ठेवतो. कॉम्प्रेसरच्या नळीत साचलेलं पाणी काढतो.

७.००. समोर सुखोई-३० एमकेआय, १/७२. खरं विमान २१.९ मीटर लांब, हे जेमतेम फूटभर. ऑर्डर ओझरच्या एचएएल कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांची. विमानाची बांधणी आमची, इंजिन कोरापुटचं, असं ते आधी बजावतात आणि मग इंजिनाच्याच रंगावर अर्धा तास बोलतात. "अहो मास्तर, भोक दिसलं की काळं फासता तुम्ही लोक." म्हणणं खोटं नाही. दुकानी मॉडेलांपैकी निम्म्यांची शेपटं चुलीतून काढल्यासारखी असतात.

चकचकीत काळा थर कालच दिलाय. त्यावर आज पोलादी रंगाचे विरळ हात, कमी दाबानं, काळ्याची छाया खालून जाणवेल इतपतच. नॉझलच्या पाकळ्यांना एकाआड एक टेप लावून उरलेल्या किंचित गडद करतो. एकसारख्या पाकळ्या प्लास्टिकच्या वाटतात.

११.००. थर वाळेपर्यंत मोखाडा. कोयत्याला पाणी द्यायचंय हे निमित्त. मला बघायचे असतात रंग. लोहारकाका धार लाल करून पाण्यात बुडवतात, दगडावर घासून उजळतात आणि मग नुसतं बघत बसतात. पात्यात उरलेली धग धारेकडे सरकते, तसा उजळ लोखंडावर रंग चढतो: साधारण २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, २८० च्या सुमाराला जांभळा, ३०० ला निळा. हा रंग कुणी लावलेला नसतो. उष्णतेनं पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, तो जाड होत जातो तसा त्यावरून परतणारा प्रकाश बदलतो. पिवळ्याचा तपकिरी होऊ लागला की काका कोयता पुन्हा पाण्यात घालतात. "निळा झाला तर धार मऊ पडंल, मास्तर."

मला निळाही हवाय. पण तो योग्य जागी. परतताना चहाच्या टपरीपाशी उभ्या बुलेटचा बेंड पाइप बघून घेतो: इंजिनाला लागून निळा, पुढे जांभळा, मग पिवळा. पुष्कळ मॉडेलकार हा क्रम उलटा लावतात. इंटरनेटवर कौतुकही होतं, त्याला काय करणार.

३.००. दिवसाचं खरं काम. सुखोईच्या इंजिनांभोवतीचे पत्रे रंगवलेले नसतात, उघडा धातूच असतो, म्हणून लबाडी लगेच उघडी पडते. पारदर्शक निळा, जांभळा, धुरकट तपकिरी, शेवटी पातळ पिवळा. प्रत्येकात थिनर भरपूर. एका हातात रंग दिसला तर तो जास्तच झाला. सांध्यांपाशी गडद, पत्र्याच्या मध्यावर जवळजवळ काही नाही. वरून वार्निश मारायचं नाही, चमक बसते.

६.१५. वीज गेली. कॉम्प्रेसर बंद, मग हातकाम. शिसपेन्सिलीची पूड बोटानं पाकळ्यांच्या कडांवर चोळली की धातू जड वाटू लागतो. हे मेणबत्तीच्या उजेडातही जमतं.

८.३०. वीज आली. नॉझलचा आतला भाग मळकट करडा, पांढुरक्याकडे झुकणारा. त्यावर काजळीच्या बारीक रेघा, आतून बाहेर. निव्वळ काळा फक्त अगदी खोलवर, टर्बाइनच्या अंधारात. ओझरच्या काकांना फोटो पाठवला. उत्तर लगेच: "पिवळा थोडा कमी."

बरोबर आहे. अगदी विरळ धुरकट रंगाचा एक हात देऊन दाबतो.

डावं नॉझल उद्या. ते उजव्याशी तंतोतंत जुळवायचं नाही. इंजिनं काही जोडीनं बदलत नाहीत. एक जुनं, दुसरं नुकतंच बसवलेलं असू शकतं. तेव्हा डाव्याला निळा कमी, काजळीही कमी.