साखर नाहीं, पण गोडी आहे

वऱ्हाडांतील अंजनगाव सुर्जी हें गांव इतिहासाच्या विद्यार्थ्यास एका तहामुळें ठाऊक असतें. ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशीं येथें तह झाला. गांवकऱ्यांस मात्र हें गांव शहानूर नदी, देवनाथ महाराजांचा मठ, पानमळे आणि पानपिंपळीचे वाफे ह्यांमुळें आपलें वाटतें. आज आम्ही लिहीत आहों तोहि विषय एका तहाचाच आहे. पण तो दोन सत्तांमधला नसून घरोघर चाललेला, जिभेचा व पोटाचा आहे. साखर तर सोडावयाची, पण गोडी सोडावयाची नाहीं, असा हा तह. साखर नसलेल्या सोड्याची, म्हणजे ज्यास 'डाएट' किंवा 'झिरो' असें म्हणतात त्या पेयाची बाटली ही त्या तहाची निशाणी होय.

गेल्या वैशाखांत आम्ही अंजनगावास एका परिचित कुटुंबांत जेवावयास होतों. वऱ्हाडांतला उन्हाळा; पारा पंचेचाळिसांच्या घरांत. पंगतींत पुरणपोळी होती, तुपाची वाटी होती, आणि पाण्याच्या तांब्याशेजारीं नव्या सुनेनें आणलेली, साखर नसलेल्या पेयाची गार बाटलीहि होती. यजमानांच्या वडील चुलत्यांस मधुमेह आहे. त्यांनीं पेला रिकामा केला, समाधानानें ढेंकर दिली आणि म्हणाले, "यात साखर नाहीं न, सूनबाई? मंग एक पोळी अजून वाढ." सर्व हंसले. सूनबाई मात्र पोळीचें ताट हातांत घेऊन क्षणभर घुटमळली. वाढावी तर प्रकृतीची भीति, न वाढावी तर वडील माणसाचा अवमान. तें घुटमळणें आमच्या मनांतून जाईना. म्हणून ह्या पेयानें वजन कमी होतें काय, उलट वाढतें काय, आणि भूक खवळते असें म्हणतात त्यांत तथ्य किती, हें पाहण्याचें आम्हीं ठरविलें.

प्रथम हें पेय आहे तरी काय? वायु भरलेलें पाणी, थोडें आम्ल, रंग, सुवास आणि साखरेच्या जागीं एखादें अतिमधुर द्रव्य. अशा द्रव्यांचा शोध बहुधा योगायोगानेंच लागलेला आहे. सॅकरीन १८७९ सालीं सांपडलें. प्रयोगशाळेंतून आलेल्या रसायनज्ञाच्या हाताची चव जेवतांना गोड लागली, एवढेंच निमित्त. अस्पार्टेम १९६५ सालीं असेंच बोट चाटतांना कळलें. तिसरें सुक्रालोज. त्याच्या शोधकाचें आडनांव आमच्या वाचकांस परकें वाटणार नाहीं. १९७६ सालीं लंडनमधील क्वीन एलिझाबेथ कॉलेजांत लेस्ली हफ ह्यांच्या हाताखालीं शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक साखरेवर रासायनिक प्रक्रिया करीत होते. 'टेस्ट' म्हणजे पारख कर, असें त्यांस सांगण्यांत आलें; त्यांनीं तें 'टेस्ट' म्हणजे चाखून पाहा असें ऐकिलें आणि भुकटी जिभेवर ठेविली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ती भुकटी साखरेच्या सुमारें सहाशेपट गोड निघाली. इतक्या गोड वस्तूचा कण पुरतो, म्हणून पेयांत उष्मांक, म्हणजे ज्यांस आपण कॅलरी म्हणतों ते, जवळजवळ शून्य राहतात.

उलट साखरेच्या नेहमींच्या पेयाचा हिशेब पाहा. ३३० मिलिलिटरच्या एका डब्यांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे सात चमचे, आणि उष्मांक सुमारें १४०. शिवाय प्यालेली साखर पोटाच्या जमाखर्चांत नीट मांडली जात नाहीं. अमेरिकेंत २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगांत पंधरा माणसांस चार आठवडे रोज ४५० उष्मांक गोळ्यांच्या रूपानें व पुन्हां चार आठवडे तेवढेच उष्मांक गोड पेयाच्या रूपानें दिले. गोळ्या खाल्ल्या तेव्हां त्यांनीं इतर अन्न आपोआप तितकें कमी केलें. पेय प्याले तेव्हां केलें नाहीं, आणि वजन वाढलें. चावून खाल्लेलें पोटास कळतें, गटागटा प्यालेलें कळत नाहीं, असा त्याचा अर्थ.

तेव्हां रोज साखरेचें पेय पिणाऱ्यानें त्याच्या जागीं बिनसाखरेचें घेतलें तर लाभ होणें स्वाभाविक आहे. आणि तो होतो असें सिद्धहि झालें आहे. हॉलंडमध्यें सुमारें पांच ते अकरा वर्षें वयाच्या ६४१ मुलांवर केलेला प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांस रोज पाव लिटर साखरेचें पेय दिलें, कांहींस तसेंच दिसणारें बिनसाखरेचें. कोणास काय मिळतें हें मुलांस ठाऊक नव्हतें. दीड वर्षांत पहिल्या गटांतील मुलांचें वजन सरासरी ७.३७ किलो वाढलें, दुसऱ्यांतील मुलांचें ६.३५ किलो. वाढत्या वयांतील मुलांत एक किलोचा फरक लहान नव्हे.

परंतु ह्या ठिकाणीं थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि आमच्या मतें सर्व वादाची किल्ली त्या प्रश्नांतच आहे: हें पेय कशाच्या जागीं आलें? अंजनगावच्या त्या पंगतींत तें साखरेच्या पेयाच्या जागीं आलेलें नव्हतें. त्या घरांत तसें पेय रोज कधीं येतच नव्हतें. तें आलें होतें पाण्याच्या व ताकाच्या जागीं. पाण्यांत उष्मांक नाहींत, ह्या पेयांतहि नाहींत. शून्याच्या जागीं शून्य ठेवून वजाबाकी काय होणार?

पाणी व हें पेय ह्यांची समोरासमोर तुलना केलेले प्रयोगहि आहेत, पण त्यांचें एकमत नाहीं. अमेरिकेंत वजन उतरविण्याची शिस्त पाळणाऱ्या ३०३ माणसांच्या प्रयोगांत वर्षअखेर बिनसाखरेचें पेय घेणारांचें वजन सरासरी सहा किलोंवर, तर पाणी पिणारांचें सुमारें अडीच किलो उतरलें. मात्र त्या प्रयोगास पेय-उत्पादकांच्या संघटनेनें पैसा पुरविला होता, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. उलट तेहरान येथें स्थूल स्त्रियांवर केलेल्या आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दुपारच्या जेवणानंतर पाणी पिणाऱ्या स्त्रियांचें वजन चोवीस आठवड्यांत ८.८ किलो उतरलें व असें पेय घेणाऱ्यांचें ७.६ किलो. दोन्ही ठिकाणीं सर्वांस सामाईक होती ती मित आहाराची शिस्त. वजन उतरलें तें मुख्यतः तिनें. पेयानें फार तर थोडें इकडचें तिकडे केलें.

मग 'अशीं पेयें पिणारीं माणसेंच अधिक जाड असतात' असें जें वारंवार छापून येतें त्याचें काय? तें खोटें नाहीं; पण त्यावरून निघणारा अर्थ तपासून घ्यावा. छत्री घेऊन जाणारे लोक पावसांत अधिक सांपडतात, म्हणून छत्रीनें पाऊस पडतो असें कोणी म्हणत नाहीं. ज्याचें वजन वाढूं लागलें आहे तोच बहुधा अशा बाटलीकडे वळतो. ह्या पेयानें माणूस जाड होतो असा निर्णय केवळ अशा पाहण्यांवरून देतां येत नाहीं.

आतां भुकेविषयीं. आजीबाईंचें म्हणणें असें असतें कीं, जिभेला गोड दाखवायचें आणि पोटाला द्यायचें नाहीं, ही फसवणूक पोट विसरत नाहीं. ह्या म्हणण्यांत थोडें तथ्य असल्याचीं चिन्हें आहेत. साखर पोटांत गेली म्हणजे रक्तांतील साखर वाढते, इन्सुलिन व दुसरे कांहीं स्राव सुटतात, आणि मेंदूस 'पुरे' असा निरोप जातो. सुक्रालोज घेतल्यावर हा निरोप तसा जात नाहीं. लॉस एंजेलिस येथें ७४ जणांवर केलेल्या आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्त्रियांनीं साखरेच्या पेयानंतर खाल्लें त्याहून सुक्रालोजच्या पेयानंतर अधिक खाल्लें. पुरुषांत तसा फरक दिसला नाहीं. २०२५ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत ७५ जणांत सुक्रालोजनंतर मेंदूंतील भुकेच्या केंद्राची हालचाल वाढलेली व साखरेच्या मानानें भूक अधिक लागलेली आढळली. तथापि हे प्रयोग कांहीं तासांचे आहेत आणि त्यांतील मुख्य तुलना साखरेशीं आहे. पाण्याशीं तुलना केली असतां हें पेय घेणारा माणूस पुढील जेवणांत अधिक खातो, असें बहुतेक प्रयोगांत दिसलेलें नाहीं. म्हणजे हें पेय भूक भडकवितें असें ठामपणें म्हणतां येत नाहीं. पण तें भूक भागवीत नाहीं, हें निश्चित.

आमच्या मतें खरा धोका पोटांतील भुकेपेक्षां मनांतल्या हिशेबांत आहे. 'यात साखर नाहीं न' ह्या वाक्यानंतर 'मंग' येतो, आणि त्या 'मंग'च्या मागून पोळी येते. तुपांत भिजलेल्या एका पुरणपोळीचे उष्मांक त्या बाटलीनें वांचविलेल्या उष्मांकांहून बरेच अधिक असतात. मधुमेही माणसास तर तिच्यांतील गूळ व मैदा दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो. एकादशीस साबुदाण्याची खिचडी व शेंगदाण्याचे लाडू खाऊन उपास घडला असें मानणाऱ्या आपल्या समाजास ही मनाची चलाखी नवी नाहीं.

बरें, आपल्या घरांत साखर शिरते ती बाटलींतून नव्हे, चहाच्या कपांतून. एका कपास दोन चमचे धरिले तर दहा ग्रॅम. दिवसास चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर व १६० उष्मांक. म्हणजे वर सांगितलेल्या डब्याहून अधिक. ही साखर कोणाच्या डोळ्यांत येत नाहीं, कारण ती आलेल्या-गेलेल्याच्या आदरातिथ्याची असते. चेन्नई येथील डॉ. मोहन ह्यांच्या संस्थेनें मधुमेही भारतीयांच्या चहा-कॉफींतील साखर काढून तिच्या जागीं बारा आठवडे सुक्रालोज दिलें. तो प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. वजन व कमरेचा घेर किंचित् घटला. मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणींत मात्र लक्षणीय फरक पडला नाहीं. लाभ आहे, पण किंचित्. आणि तो झाला तो पाण्याच्या जागीं नव्हे, साखरेच्या जागीं.

'आमच्या घरांत कोणी जाड नाहीं' म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठीं पुण्याचें एक उदाहरण सांगतों. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांनीं आपलींच शरीरें मोजून २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत छायाचित्रासह प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, पण शरीरांतील चरबी युडकिन ह्यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडील सडपातळ माणसाच्या पोटांतहि चरबी दडून बसते. म्हणून कांट्यावरील आंकड्याइतकेंच कमरेच्या फितीकडेहि लक्ष असावें, आणि बाटली बदलून कर्तव्य संपलें असें मानूं नये.

जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२३ मध्यें दिलेला सल्लाहि ह्याच धोरणाचा आहे: वजन आटोक्यांत ठेवण्याचें साधन म्हणून अशीं गोड द्रव्यें वापरूं नयेत, कारण दीर्घकाळ लाभ दिसत नाहीं. हा सल्ला सशर्त आहे, आणि ज्यांस आधींच मधुमेह आहे त्यांच्यासाठीं तो दिलेला नाहीं. त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. फेनिलकिटोनूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनीं मात्र अस्पार्टेम असलेलें पेय वर्ज्यच करावें. तशी सूचना बाटलीवर बारीक अक्षरांत असते.

तेव्हां गृहिणींनीं काय करावें? घरांत कोणास रोज साखरेच्या पेयाची संवय जडली असेल तर ती सोडविण्याची पायरी म्हणून हें पेय कांहीं दिवस चालेल. पण पायरीवर बिऱ्हाड करूं नये. ज्या घरांत अशी संवय नाहीं तेथें ती नव्यानें लावूं नये. मुलांच्या जिभेस गोडीचें वळण लहानपणींच लागतें, आणि आम्ल पेयांनीं दांतांचें कवच झिजतें तें साखर नसली तरी झिजतें. वऱ्हाडच्या उन्हाळ्यास माठांतलें पाणी, जिरें-मीठ घातलेलें पातळ ताक आणि लिंबू पिळलेला साधा सोडा हे पुरेसे आहेत. गोटीच्या बाटलींतल्या साध्या सोड्यांतहि साखर नव्हतीच. तें बिनसाखरेचें पेय आपल्या आजोबांस ठाऊक होतें. पन्ह्यांत मात्र गूळ असतो, तो मोजून घालावा. आणि चहाचा चमचा दर पंधरा दिवसांनीं पाव पाव कमी करावा. जीभ तक्रार करीत नाहीं, तिला वेळ दिला म्हणजे झालें.

राहिली ती सूनबाई, पोळीचें ताट घेऊन घुटमळलेली. तिनें त्या दिवशीं अर्धी पोळी वाढली, तूप न वाढतां. आणि काकासाहेबांच्या पेल्यांत स्वतःच्या हातानें ताक ओतलें. काकासाहेबांनीं एकदां तिच्याकडे पाहिलें, ताक प्याले आणि कांहीं बोलले नाहींत. त्यांची जीभ थोडी हरली असेल. पण त्या घरांत तह झाला तो कलमें वाचून झाला, असें आम्हांस वाटलें.