नवी चाके आणि स्टेअरिंगची थरथर

बारामतीच्या बाजारपेठेत वा इंदापूर तालुक्यातील गावरस्त्यांवर सुरळीत धावणारी जीप पुणे-सोलापूर महामार्गावर ताशी 80-90 किलोमीटरचा वेग घेते आणि तिचे स्टेअरिंग थरथरू लागते. चाके तर नुकतीच नवी बसविलेली असतात. अशा वेळी दोष बहुधा त्या चाकांत किंवा ती बसविण्याच्या पद्धतीत असतो.

रिमच्या कडेला एका बाजूस 20 ग्रॅम वजन जास्त असले, तर ताशी 90 किलोमीटर वेगात ते सुमारे पावणेतीन किलो वजनाइतका हिसका देते, तोही सेकंदास 13 वेळा. वेग निम्मा झाला की हिसका चौथाईवर येतो. म्हणूनच गावात दोष जाणवत नाही.

निदान क्रमाने करावे. थरथर हातांना जाणवल्यास पुढची, आसनास जाणवल्यास मागची चाके प्रथम तपासावीत. केवळ ब्रेक दाबताना ती होत असेल, तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. हबवरील गंज व माती काढावी. रिमचे मधले छिद्र हबवर घट्ट बसते ना, नट त्या रिमचेच आहेत ना, याची खात्री करावी. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. त्यानंतर बॅलन्सिंग करावे. मात्र वाकडी रिम त्याने सरळ होत नाही. गाडी एका बाजूस ओढणे हा अलाइनमेंटचा वेगळा दोष होय.

सैल नटांमुळे धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. म्हणून थरथर जाणवताच वेग कमी करून गाडी कडेला घ्यावी व प्रथम नट तपासावेत. नवी चाके बसविल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळणे आवश्यक आहे. विद्यार्थी व रुग्ण यांची ने-आण करणाऱ्या वाहनांबाबत ही दक्षता विशेष अगत्याची ठरते.