फेरविचाराचा हक्क : हेगचा निकाल आणि एक मराठी कैदी

लिंबागणेशच्या मनुष्यावर मोठा फौजदारी खटला झाला, तर तो बीडच्या सत्र न्यायालयांत उभा राहतो. तेथून छत्रपति संभाजीनगरचें खंडपीठ, आणि तेथून दिल्लीचें सर्वोच्च न्यायालय. दिल्लीस लागला तो शेवटचा निकाल, त्यापुढील गाऱ्हाणें देवापाशींच सांगावयाचें, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु एका राष्ट्रानें दिलेली देहांत शिक्षा दुसऱ्या राष्ट्राच्या तक्रारीवरून तिसऱ्याच ठिकाणीं तपासली जावी, आणि प्रकरण पुन्हां पाहा अशी आज्ञा व्हावी, असा प्रसंग एका मराठी गृहस्थाच्या बाबतींत आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे.

श्री. कुलभूषण जाधव हे भारतीय नौदलांतील निवृत्त अधिकारी. ३ मार्च २०१६ रोजीं त्यांस बलुचिस्तानांत पकडलें असें पाकिस्तान म्हणतें. ते इराणांत व्यापार करीत असतां तेथून त्यांस पळवून नेलें असें आपलें सरकार म्हणतें. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें हेरगिरी व घातपात ह्या आरोपांवरून त्यांस दिलेली फांशीची शिक्षा १० एप्रिल २०१७ रोजीं जाहीर झाली. मधल्या काळांत आपल्या वकिलातीनें कैद्याची भेट पुनःपुन्हां मागितली. ती एकदांही मिळाली नाहीं.

भेटीचें एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. परगांवीं शिकावयास गेलेल्या मुलास चावडीवर बसवून ठेवलें, तर आधीं त्याच्या घरीं निरोप जावा, घरच्या माणसानें येऊन त्याची बाजू मांडावी, अशी आपण अपेक्षा धरतों. १९६३ सालीं व्हिएन्ना येथें झालेल्या करारांतील ३६ वें कलम राष्ट्राराष्ट्रांमध्यें हेंच सांगतें. परका मनुष्य पकडला गेला, तर हा हक्क त्यास विनाविलंब कळवावा. त्याच्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांस त्याला भेटूं द्यावें, वकील देऊं द्यावा. हा करार भारतानें व पाकिस्तानानें दोघांनींही मान्य केलेला आहे.

८ मे २०१७ रोजीं भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेला. नागपूरचे विख्यात कायदेपंडित श्री. हरीश साळवे यांनीं एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली. दहा दिवसांतच, १८ मे रोजीं, फांशी थांबविण्याचा हुकूम झाला.

पुढें २५ डिसेंबर २०१७ रोजीं जाधवांच्या मातोश्रींस व पत्नीस इस्लामाबादेस भेट मिळाली. मध्यें कांच होती. परराष्ट्रमंत्री श्रीमती सुषमा स्वराज यांनीं राज्यसभेंत सांगितलेली हकीकत आमच्या वाचकभगिनींस ठाऊक असेल. दोघींसही वेष पालटावयास लावला, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढावयास लावली. आईच्या गळ्यांत मंगळसूत्र नाहीं हें पाहतांच मुलानें पहिला प्रश्न केला तो बाबा कसे आहेत हा! आई मराठींत बोलूं लागली, तर तीही बंदी. मायलेकरांनीं कोणत्या भाषेंत बोलावें हें पहारेकऱ्यांनीं ठरवावें, ह्याहून मोठी निष्ठुरता आम्हांस तरी सुचत नाहीं.

१७ जुलै २०१९ रोजीं निकाल लागला. पंधरा न्यायाधीश एका बाजूस, एक दुसऱ्या. आणि तो एक पाकिस्ताननेंच ह्या खटल्यापुरता नेमलेला. हेरगिरीचा आरोप असला म्हणून ३६ वें कलम लटकें पडत नाहीं, पाकिस्ताननें करार मोडला आहे, सबब दोषनिर्णय व शिक्षा ह्या दोहोंचाही परिणामकारक फेरविचार करावा, जरूर तर नवा कायदा करावा, आणि तोंवर फांशी देऊं नये, असें न्यायालयानें ठरविलें. मात्र सुटका करण्याची भारताची मागणी त्यानें मान्य केली नाहीं. कित्येक घरांत त्या दिवशीं पेढे वाटले जात असतां हा भाग वाचावयाचा राहून गेला असावा.

फेरविचार ही कल्पना आपल्या शास्त्रांस नवी नाहीं. अन्यायानें निकालांत निघालेला व्यवहार राजानें पुन्हां पाहावा, आणि चुकीचा निर्णय देणारे सभासद व जिंकलेला पक्ष यांस वादाच्या दुप्पट दंड करावा, असें याज्ञवल्क्य सांगतात. आजच्या न्यायाधीशांस हा दंड लागू केला तर काय होईल, तें न बोललेलेंच बरें.

आणि आपल्या घरीं तरी काय? नाशिक जिल्ह्यांतील २००३ सालच्या एका भीषण हत्याकांडाच्या खटल्यांत भटक्या जमातींच्या सहा जणांस सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं फांशी सांगितली. २०१४ सालीं त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें फांशीच्या प्रकरणांत पुनर्विलोकन उघड्या न्यायालयांत, तोंडी युक्तिवाद ऐकून व्हावें असें ठरविलें. त्या दाराने हें प्रकरण पुन्हां आंत आलें, आणि ५ मार्च २०१९ रोजीं सहाही जण निर्दोष सुटले; प्रत्येकास पांच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. ऐकून घेणें व न घेणें ह्यांत सहा जिवांचें अंतर होतें.

हेगची आज्ञा मात्र बजावणार कोण, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेंतील मेक्सिकन कैद्यांविषयीं त्याच न्यायालयानें २००४ सालीं असाच फेरविचार सांगितला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं तो टेक्सास राज्यावर बंधनकारक नाहीं असें म्हटलें, आणि त्याच वर्षीं ५ ऑगस्टला त्यांतील एकास मृत्युदंड दिला गेला. उलट जर्मनीनें १९९८ सालीं व फ्रान्सनें २००० सालीं, स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानें दोष दाखविल्यास फौजदारी खटला पुन्हां उघडतां यावा, अशी तरतूद आपल्या कायद्यांतच करून ठेविली.

पाकिस्ताननें २ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्या अधिकाऱ्यास जाधवांची भेट दिली. २०२० च्या मे महिन्यांत वटहुकूम काढला व २०२१ च्या नोव्हेंबरांत त्याचा कायदा केला. त्यान्वयें लष्करी न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयांत अर्ज करतां येतो. पण जाधवांनींच अर्ज करण्यास नकार दिला असें तेथील सरकारनें २०२० सालीं जाहीर केलें. भारतानें त्यावर विश्वास ठेवला नाहीं. मग त्याच सरकारनें इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाकडे कैद्यास वकील नेमून द्यावा असा अर्ज केला. वकील भारतीय असावा ही आपली मागणी त्यांनीं फेटाळली.