मुळशीच्या भट्टीचा हिशेब

भट्टी लावायला कुऱ्हाड, कोयता, पाणी आणि माती एवढंच लागतं. ऐन, हिरडा, जांभूळ तोडून ओंडके घुमटासारखे रचायचे, वर पालापाचोळा, त्यावर ओल्या मातीचा लेप, आणि भोकातून विस्तव आत सोडायचा. खरं काम पुढेच. आत धग टिकली पाहिजे, पण जाळ होता कामा नये. लेपाला तडा गेला की हवा शिरते आणि कोळशाची राख होते, म्हणून रात्रंदिवस राखण. आधी धूर पांढरा, दाट निघतो. तो निळसर आणि विरळ झाला की सगळी भोकं बुजवायची.

मुळशी, मावळ आणि घाटाखालच्या रायगडात हे काम मुख्यतः कातकऱ्यांचं. खैराचा कात पाडणारी ही जमात. जंगल कायद्यांनी तो धंदा गेला आणि ती व्यापाऱ्याच्या भट्टीवर आली. पावसाळ्यात घेतलेली उचल पुढे हंगामभर फेडायची. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली, उचल सुटली नाही.

लाकूड पुन्हा उगवतं, म्हणून त्याला कर्बशून्य इंधन म्हणायची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय हिशेबातही लाकडाच्या धुराचा कर्ब धुराड्यावर न मांडता तोड झालेल्या जमिनीच्या खात्यात मांडतात. कागदावर हे चोख आहे. पण मातीच्या भट्टीत साधारण ५ किलो सुक्या लाकडाचा १ किलो कोळसा पडतो. लाकडात अडीच किलो कर्ब, कोळशात पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे शहरातली शेगडी पेटायच्या आधीच दोन तृतीयांश कर्ब डोंगरावर उडालेला, आणि त्या धुरात मिथेनही! तोडलेला ऐन बुंध्यातून फुटतो खरा, पण गुरं आणि वणवा यांनी सोडला तर. आणि त्यालाही दशकं लागतात. शेजारच्या पानशेत खोऱ्यात धरणानंतर कोळशासाठी डोंगर कसे उघडे पडले, ते परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लिहून ठेवलं आहे.

भट्टी सुधारता येते. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाचं पाचट बंद पिंपांत भरून कोळसा पाडला. पिंपातून सुटणारा वायूच पिंपांखाली जळतो, त्यामुळे धूर वाया जात नाही. २००२ साली त्याला ऊर्जेसाठीचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. काडीकचऱ्याचं भट्टीशिवायही इंधन करता येतं: खुद्द मुळशीत, उरवड्याला, इथेनॉलचं तंत्र बनवणाऱ्या प्राज इंडस्ट्रीजचं संशोधन केंद्र आहे. प्राजच्या तंत्रावर उभा राहिलेला इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. पेंढ्यातला कर्ब त्याच वर्षी हवेतून आलेला असतो, ही त्यातली खरी जमेची बाजू.

मुळशीत एवढा पेंढा कुठला! खाचरं लहान, आणि पेंढा गुरांना लागतो. उरतं ते डोंगरावरचं वाळलं गवत आणि घाणेरीचं रान, जे उन्हाळ्यात वणव्यात फुकट जळतं. पिंपाच्या भट्टीला ते चालेल. अडचण वाहतुकीची आहे: गवताचा भारा मोठा, वजन कमी, उतार अवघड. भारे उतरवायची मजुरी उचलीत न अडकवता रोख दिली, तर कातकरी वाड्या हे काम घेतील असं मला वाटतं. कोळशाच्या सध्याच्या भावात मात्र व्यापारी ती देणार नाही.