दिसणार नाही असं मशीन

बोईसर स्टेशनजवळच्या एका छोट्या श्रवण तपासणी केंद्रात बहुतेक जण खुर्चीत बसता बसताच सांगतात, "मॅडम, दिसणार नाही असं मशीन द्या."

अडुसष्ट वर्षांच्या त्या निवृत्त यंत्रमाग कामगारांनीही तेच सांगितलं. तारापूर एमआयडीसीत कापड विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "बारा तास. रोज बारा तास," ते म्हणाले. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे हातवारे आणि ओठ वाचूनच काम चालतं. त्या सवयीमुळे घरातही वर्षानुवर्षं निभावलं. करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले आणि सुनेचं बोलणं अचानक कळेनासं झालं. तोवर कान गेलेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तपासणीच्या आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या 4000 हर्ट्झपाशी एकदम खाली घसरल्या होत्या. आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. स, श, फ यांसारखे ध्वनी याच वरच्या पट्टीत असतात. म्हणून 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही तक्रार. काकांच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यात आवाजामुळे येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता. नियमांनुसार 90 डेसिबलला आठ तास आणि 100 डेसिबलला दोनच तास चालत. मागांच्या शेडमध्ये आवाज शंभरीच्या आसपास सहज जातो. आणि काकांचे तास बारा! नोकरीत असेपर्यंत त्यांचा कान एकदाही तपासला गेला नाही.

"काका, कानाच्या आत बसणाऱ्या मशीनला पिवळ्या पट्टीचा 10 नंबरचा सेल लागतो. हा धरून बघा." ऑडिओलॉजिस्टने सेल पुढे केला. काकांच्या बोटांतून तो दोनदा निसटला. कानामागच्या मशीनचा नारिंगी पट्टीचा 13 नंबरचा सेल मात्र नीट धरता आला. निकाल इथेच लागला आणि तो योग्यच होता. काकांच्या खालच्या पट्ट्याही उतरल्या आहेत, त्यामुळे मशीनला जोर लागणार. शिवाय आतल्या मशीनमध्ये मळ थेट स्पीकरच्या तोंडाशी साचतो.

मग कानाचा साचा. आत दोरा बांधलेला बोळा, त्यावर सिरिंजने मऊ लगदा. काही मिनिटांत तो घट्ट होतो. साचा सैल बसला तर मशीन शिट्टी मारतं आणि शिट्टी मारणारं मशीन कपाटात जाऊन पडतं.

निगा कशी राखायची हे सून वहीत उतरवून घेत होती. सेलची पट्टी काढली की मिनिटभर थांबायचं, हवा लागली की तो जागा होतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत. समुद्रालगतच्या या पट्ट्यात पावसाळाभर ही डबी हवीच. दमट हवेत नळीत पाण्याचा थेंब धरतो आणि आवाज अडतो. साचा मशीनपासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, नळीतलं पाणी रबरी फुग्याने उडवायचं. मशीनला मात्र पाणी लावायचं नाही. नळी पिवळी, कडक झाली की बदलून घ्यायची.

"आणि बाबांचं खोबरेल?" सुनेने विचारलं.

"तेल लावा, पण मशीन काढून."

पुढचा नंबर एमआयडीसीतल्या प्रेसवर काम करणाऱ्या तिशीतल्या तरुणाचा होता. त्यालाही दिसणार नाही असंच मशीन हवं होतं, सुपरवायझरच्या नजरेला पडू नये म्हणून. त्याच्या आलेखात 4000 वर खळगा पडायला नुकती सुरुवात झाली होती. त्याला मशीन मिळालं नाही. ऑडिओलॉजिस्टने फोमचा प्लग दोन बोटांत वळून बारीक केला, दुसऱ्या हाताने त्याचा कान वर आणि मागे ओढला, प्लग आत सरकवला आणि तो फुगेपर्यंत बोट लावून धरलं. मग दुसऱ्या कानासाठी प्लग त्याच्याच हातात दिला.