लिपी आणि संगणक – ७ : आधी मात्रा की आधी व्यंजन?

संगणकाच्या स्मृतीत अक्षराचे चित्र नसते, संकेतांक असतो. त्या संकेतांकांची पडद्यावर अक्षरे करण्याचे काम फॉन्ट आणि मजकुराची मांडणी करणारी प्रणाली मिळून करतात. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींत साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम नेहमी एकच नसतो. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण युनिकोडमध्ये आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी. आग्नेय आशियातील लिपींत याच प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे दिली गेली.

थाई लिपीत पाच स्वरचिन्हे व्यंजनाच्या डावीकडे येतात. टंकलेखन यंत्रावर ती आधी उमटवली जात आणि थायलंडच्या टीआयएस-६२० या मानकानेही तोच क्रम धरला. या मानकातला मजकूर एकास एक रूपांतरित व्हावा, म्हणून युनिकोडनेही तो कायम ठेवला. लाओ लिपीलाही तोच नियम लागू झाला. म्हणजे इथे दिसते तसेच साठवले जाते. थाई शब्दकोशात मात्र शब्द व्यंजनाप्रमाणे लागतात. त्यामुळे शब्दांचा क्रम लावण्यापूर्वी संगणकाला स्वरचिन्ह आणि व्यंजन यांची मनातल्या मनात अदलाबदल करावी लागते. तर्काला हे खटकते, पण व्यवहारात फारसे अडत नाही. दक्षिण चीनमधील न्यू ताइ लू या लिपीचा क्रम तर आधी देवनागरीसारखा होता. लोक दिसते तसेच टंकत असल्यामुळे युनिकोडने २०१५ साली तो बदलून थाईसारखा केला.

बर्मी आणि ख्मेर लिपींना देवनागरीचा मार्ग मिळाला. बर्मीत ‘ए’ची मात्रा दिसते डावीकडे, पण साठवली जाते व्यंजनानंतर. जोडाक्षरात दुसरे व्यंजन पहिल्याखाली बसते आणि त्यासाठी मध्ये एक अदृश्य चिन्ह घालावे लागते. ख्मेरमध्येही तशीच सोय आहे. मात्र तिथे ‘ड’ आणि ‘त’ यांची खाली बसणारी रूपे हुबेहूब सारखी दिसतात, त्यामुळे एकाच दिसणाऱ्या शब्दाचे दोन वेगळे संकेतक्रम होऊ शकतात आणि शोध घेताना त्यातला एक निसटतो.

खरा गोंधळ बर्मीत झाला. युनिकोडमध्ये ही लिपी १९९९ साली आली, पण जोडाक्षराचे अदृश्य चिन्ह आणि स्वर नसल्याचे दाखवणारे दृश्य चिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक मिळाले ते २००८ साली. तोवर ‘झॉजी’ नावाचा फॉन्ट लोकांच्या हाती पोहोचला होता. त्याला मांडणीची प्रणाली लागत नसे; मात्रा दिसते तिथेच टंकायची आणि एकेका चिन्हाची अनेक रूपे वेगवेगळ्या संकेतांकांवर बसवलेली. त्यासाठी मोन, शान, कॅरेन या भाषांच्या अक्षरांच्या जागा वापरल्या गेल्या. म्हणजे बहुसंख्याकांची सोय झाली, पण तिची किंमत अल्पसंख्याकांच्या भाषांनी मोजली. शिवाय झॉजीतले दृश्य चिन्ह नेमके त्याच संकेतांकावर होते, जिथे युनिकोडमध्ये अदृश्य जोडचिन्ह आहे. संकेतांक तेच आणि अर्थ वेगळा, त्यामुळे एका पद्धतीतला मजकूर दुसऱ्या पद्धतीच्या फोनवर विस्कटून दिसे. एखादा मजकूर कोणत्या पद्धतीचा आहे, हे संगणकाला चिन्हांच्या लागोपाठ येण्याच्या संभाव्यतेवरून ओळखावे लागले; गूगलने त्यासाठी खास साधन बनवले. म्यानमारने १ ऑक्टोबर २०१९ रोजी युनिकोडकडे वळण्याचा दिवस ठरवला. जुना मजकूर मात्र जागच्या जागी राहिला.

संकेतांक नीट लागले तरी एक काम उरते. थाई, लाओ, ख्मेर आणि बर्मी या लिपींत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, वाक्यखंड किंवा वाक्य संपल्यावर सोडतात. मग ओळ कुठे मोडायची? त्यासाठी प्रणालीला शब्दांची यादी जवळ ठेवून मजकुरातले शब्द हुडकावे लागतात, किंवा लिहिणाऱ्याला शब्दांमध्ये न दिसणारी जागा टंकावी लागते. यादीत नसलेले नवे नाव आले की ओळ अजूनही भलत्या ठिकाणी तुटते.